वाचनालयातली खुर्ची

“मावशी, झाडू जिन्याखाली आहे. आधी वरचा मजला घ्या.”

पेणच्या जुन्या वाचनालयात पाऊल टाकलं आणि टेबलामागच्या माणसानं हे ऐकवलं. मान वर न करता. त्याला माझे अनवाणी पाय तेवढे दिसले.

चपला मी दाराबाहेर काढल्या होत्या. माझा जन्म मिठागरात गेला. तिथं चपला घालून कोणी उतरत नाही, मिठाच्या वाफ्याचा तळ बिघडतो. साफ जमीन दिसली की आमच्या चपला आपोआप निघतात. बाकीचे बूट घालून बसले होते.

मी वाचायला आले होते. चौथी शिकलेय. लहानपणी आईबरोबर मीठ विकायला यायचे, तेव्हा याच दगडी पायऱ्यांशी टोपली टेकवायचो. मी वर चढले की आई ओढायची. “नको जाव गो वर, हाकलतील.” आई गेली. आता इमारतीची डागडुजी झाली, बाहेर फलक लागला, पेपर सगळ्यांना खुले.

तरी मी झाडू घेतला. वरचा मजला झाडला. जन्मभर हुकूम ऐकलेले हात, ते विचारत नाहीत.

मग हात धुतले, खाली आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पेपर उघडला.

टेबलवाला धावत आला. “अहो, इथं कुठं बसता? मेंबर येतात. पायरीवर बसा, चहा देतो.”

“मी झारूवाली नाय. वाचाला आलीय.”

कोणीतरी हसलं. “आजी, चित्रं बघताय का?”

मी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. अडखळत. हसणारा हसतच राहिला. टेबलवाला म्हणाला, “झालं ना वाचून? उठा आता.”

मी उठले. त्यानं फडकं ओलं केलं आणि माझ्यादेखत खुर्ची पुसली.

खुर्चीला घाण लागली नव्हती. मी लागले होते.

त्या ओल्या खुर्चीत मी परत बसले. लुगडं भिजलं. “आता पुसा,” म्हटलं. वाचनालय बंद होईपर्यंत हलले नाही.

सून म्हणते, कशाला जाता, लोक हसतात. हसू देत. उद्या शेजारच्या दोघींना नेणार आहे. त्यांना अक्षर येत नाही. मी वाचीन, त्या ऐकतील. खुर्चीत बसून. त्यांना उठवायचं असेल तर आधी मला उचलून बाहेर टाकावं लागेल.