बाहेरथीन कुलूप

“उभी राहा. तुझी आई बोलते तसं बोलून दाखव.”

सर माईकवरून म्हणाले. सुरतेतलं आमचं कॉलेज, भाषाशास्त्राचा सेमिनार, गच्च भरलेला हॉल. मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सर माझे मार्गदर्शक. मी उभी राहिले.

“‘ती खाली पडली’ म्हण.”

“ती खाले पडनी.”

हॉल हसला. सरही हसले. “ऐकलंत? ‘ल’च्या जागी ‘न’. परत म्हण.” परत म्हटलं. तीन वेळा म्हणायला लावलं. कान तापले होते. नजर चपलांवर. मग मी खाली बसले.

आम्ही सुरतेतल्याच नवागामला राहतो. मूळ धुळ्याकडचे. घरात अहिराणी, बाहेर गुजराती-हिंदी. आई पॉवरलूमच्या कारखान्यात बॉबिन भरते. सरांचं संशोधन आमच्याच लोकांच्या बोलीवर. माणसं मी शोधायची, रेकॉर्डिंग मी करायचं, उतरवून मी काढायचं. एक प्रश्न सगळ्यांना विचारायचा, असं सरांनी शिकवलेलं: आता आपण मरणार असं कधी वाटलं का? घाबरलेला माणूस शुद्ध बोलायचं विसरतो, म्हणायचे. खरी बोली तेव्हा बाहेर येते.

मी आईलाही विचारला. ती म्हणाली, “नाव कोनले सांगशी नही ना?”

नाही सांगणार, म्हटलं. फक्त लिहून काढायचंय. मग ती बोलली. पोटच्या मुलीला जे कधी सांगितलं नव्हतं ते बोलली.

हॉलमध्ये सरांनी तेच रेकॉर्डिंग लावलं. मला न विचारता. मोठ्या स्पीकरवर माझी आई.

“धूर व्हयना... दार बाहेरथीन बंद व्हतं. शेठना पोऱ्यानी कुलूप लायेल व्हतं. आम्ही बोंबलनूत. कोनीच उनं नही.”

शेजारचा मुलगा बोटांवर ‘न’ मोजत होता. पुढच्या बाकावर कोणीतरी वहीत खुणा करत होतं. आत बायका गुदमरत होत्या, बाहेर कुलूप होतं, कोणी आलं नव्हतं, ते कोणाच्या कानात शिरलंच नाही.

एकाच्या शिरलं. मंचावर पाहुणे म्हणून कापडबाजारातले एक शेठ बसले होते. ते पुढे वाकले. “ये कौन से कारखाने की बाई है?”

सर खूश झाले. पाहुण्यांनी रस घेतला म्हणून. माझ्याकडे वळले. “फाईल तुझ्याकडे आहे ना? सांग त्यांना.”

फाईल माझ्या मांडीवर होती. नाव, गल्ली, कारखाना. सगळं माझ्याच अक्षरात. आणि आई अजूनही त्याच कारखान्यात कामाला होती. ज्याच्या पोरानं कुलूप लावलं त्याच शेठकडे.

“नाही सांगणार.”

“काय?”

“नाही सांगणार सर. आणि ते बंद करा.”

सर माईक सोडून जवळ आले. हळूच म्हणाले, “तुझ्या प्रबंधावर माझी सही लागते. लक्षात आहे ना?”

होतं लक्षात. फाईल छातीशी धरली, लॅपटॉपपाशी गेले, स्पीकरची वायर उपटली. आईचा आवाज मधेच तुटला. कोणी हसलं नाही. मी बाहेर आले आणि जिन्यातच मला उलटी झाली.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, “माले काढी टाकतीन का?”

माहीत नाही, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर गेली. तेव्हापासून रोज ती परत येईपर्यंत मी घरात बसू शकत नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

प्राचार्यांकडे अर्ज दिलाय. मार्गदर्शक बदलून द्या. आईचं रेकॉर्डिंग काढून टाका. हॉलमध्ये मला काय म्हणायला लावलं, कारखान्याचं नाव कोणी विचारलं, सगळं लिहिलंय. प्राचार्य म्हणाले, सरांची माफी माग, विषय मिटव. नाहीतर वर्ष वाया जाईल.

जाऊ दे. माफी मागणार नाही. भीती आहे, रोज आहे. अर्ज मागे घेणार नाही.