दिवाळीनंतरची द्राक्षं

मुलांनो, थंडी पडू लागली की शेजारची सुमन हातमोजे घालून मागच्या बागेत जायची, कुंपणावरच्या वेलीचं एक द्राक्ष तोंडात टाकायची आणि डोळे घट्ट मिटून म्हणायची, "अजून नाही." मी इकडे विलायतेत स्टॅनमोरला राहायला आले तेव्हा ती मला पहिल्यांदा अशीच दिसली. "आंबट आहे का हो?" मी विचारलं. "आंबट? कान हलले माझे," ती म्हणाली.

सुमन पुण्याची, नवरा विटो दक्षिण इटलीतला. त्याच्या गावामागे वूल्तुरे नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे. तिथल्या काळ्या मातीत आल्यानिको नावाची द्राक्षं होतात. लहान, जाड सालीची, निळसर काळी. लाल वाइनसाठीच लावलेली. इतर द्राक्षांची तोडणी उरकली तरी ही नोव्हेंबरपर्यंत वेलीवरच असतात. विटोने तिथली एक काडी आणून इथे लावली होती. घरच्या द्राक्षांची निदान एक बाटली व्हावी, ही त्याची हौस. ती पुरी न होताच तो गेला आणि हौस सुमनकडे आली.

मला सगळं वेळेवर लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. मी तिला म्हटलं, "अगं, इथल्या कमी उन्हात पिकेल अशी दुसरी जात लाव."

"आणि हिला काय सांगू, तू लेट आहेस म्हणून? विटोच्या गावात दिवाळी नसते, पण ही द्राक्षं दिवाळी झाल्याशिवाय तोडायची नाहीत."

दरवर्षी पावसात घड कुजायचे. मग तिचा मुलगा मार्को मिल्टन कीन्सहून येऊन ते कचऱ्यात टाकायचा.

एका वर्षी मात्र उन्हाळा लांबला आणि पुढेही पाऊस फारसा झाला नाही. सुमनची तब्येत तेव्हा उतरत चालली होती. तिने कुंपणावरून एक द्राक्ष माझ्या हातावर ठेवलं. "खा. डोळे मिटायची गरज नाही." ते गोड होतं, आणि जिभेला किंचित आवळणारं. "दिवाळी झाली की तोडू. तू बाटल्या धुऊन ठेव."

दिवाळीच्या आदल्या शनिवारी आम्ही दोघी फराळाचं सामान आणायला हॅरोला गेलो. परतलो तर दारात मार्कोची गाडी.

"आई, सरप्राइज. दिवाळीची साफसफाई केली. विंडोज, किचन, गार्डनपण. ते ग्रेप्स या वर्षी सडायच्या आधीच काढले आणि सगळं टिपवर कचऱ्यात टाकून आलो. तू आता फक्त रेस्ट कर."

सुमन खिडकीतून मोकळ्या कुंपणाकडे बघत राहिली. मी तोंड उघडणार, तोच तिने माझा हात दाबला.

"छान केलंस रे. दमला असशील. चहा टाकते."

स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "त्याला कधी कळू देऊ नकोस. माझ्यासाठीच केलंय त्याने."

त्या हिवाळ्यात छाटणी करताना तिने एक काडी मला दिली. पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही.

धुतलेल्या बाटल्या माझ्या गॅरेजमध्ये अजून उपड्या ठेवल्या आहेत. काडीची आता वेल झाली आहे, द्राक्षं आंबटच. दिवाळी जवळ आली की मार्को माझ्याही खिडक्या पुसून देतो. आईची आठवण म्हणून येतो, असं तो सांगतो. जाताना कुंपणाकडे बघून विचारतो, "मावशी, हे पण काढून टाकू?"

"राहू दे रे," मी म्हणते. "दिवाळी होऊन जाऊ दे."