काचेआडचा दगड

बाहत्तरच्या दुष्काळात मी अकोले तालुक्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. त्या उन्हाळ्यात आमचे हेडमास्तर शिक्षकांच्या सहलीबरोबर कोकणात गेले आणि समुद्रातलं एक बेट पाहून आले. तेव्हापासून आमच्या कानांची काही धडगत राहिली नाही. रोज प्रार्थनेनंतर बेट. तिथे माणसाची वस्ती नाही, एक दीपगृह तेवढं आहे; ज्वालामुखीच्या रसातून थिजलेले खडक खांबांसारखे उभे आहेत; सरकारने ते राखून ठेवलेत, एक खडासुद्धा उचलायची बंदी आहे. एवढं सांगून झालं की हे गृहस्थ ऑफिसातल्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवायचे. तिथे त्याच बेटावरून पिशवीत घालून आणलेला नारळाएवढा काळा दगड मखमलीवर बसवलेला होता. बंदी इतरांना असावी.

ज्वालामुखीचा दगड! आमच्या शाळेचा पाया, मागचा डोंगर, बहुतेक सगळा महाराष्ट्र त्याच दगडाचा. डोंगराच्या पायथ्याशी दुष्काळी कामावर अख्खा गाव तोच दगड फोडून खडी करत होता. मी एकदा हे बोललो, तर हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही समुद्र पाहिलाय का?" पाहिला नव्हता. मी खडू उचलून वर्गावर निघून गेलो, याची आजही लाज वाटते.

कपाटाला कुणी हात लावायचा नाही. पाहुणा आला की आधी दगड दाखवायचा, मग चहा. आणि हेच हेडमास्तर दगडाला देव मानणाऱ्या अडाणी लोकांवर आठवड्यातून एकदा तरी भाषण ठोकायचे.

खंडेनवमीला ते आपल्या घरी श्रीरामपूरला गेले होते. शाळेतल्या वस्तूंची पूजा शिपाईमामांकडे असायची. मामांनी घंटा धुतली, फावडं-घमेलं धुतलं, नकाशांना फुलं वाहिली आणि कपाट उघडून त्या दगडाला तेलात कालवलेला शेंदूर फासला. चांगला हात सैल सोडून.

मी कपाळावर हात मारला. "मामा, हे काय केलंत?"

"का वो गुरुजी? काचंत ठेवलाय, कुनाला शिवू देत न्हाईत, आल्यागेल्याला दर्सन देत्यात. मंग देव न्हाई तर काय हाय?"

हेडमास्तरांनी मामांना आधीच एकदा काढून टाकायची धमकी दिली होती, आणि इन्स्पेक्शन चार दिवसांवर आलं होतं. नोकरी गेली तर घरची पाच माणसं एकट्या बायकोच्या खडीवर जगायची. आम्ही दगड रॉकेलने घासला. त्याच्या बारीक छिद्रांत शेंदूर असा मुरला होता, की घासावं तसा तो जास्तच लाल दिसायला लागला.

शेवटी मामांनी बायकोला कामावरून बोलावून आणलं. तिने दगड हातात फिरवून पाहिला, "येवढंच व्हय?" म्हणाली आणि तासाभरात डोंगरातला एक दगड हातोड्याने कोपरे उडवून अगदी तस्सा करून घेऊन आली.

"असलं तिथं लई पडल्यात," एवढं बोलून ती परत कामावर गेली. तो दगड आम्ही मखमलीवर बसवला. शेंदराचा टाकून द्यायला मामांचं मन धजेना, म्हणून त्यांनी तो शाळेमागच्या लिंबाखाली ठेवला.

इन्स्पेक्शनला साहेब आले. त्यांनी आमच्या डोंगराचा दगड दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "वा! असा दगड आपल्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही." खिडकीतून हातोड्यांचा आवाज येत होता. हेडमास्तरांनी लगेच पुस्ती जोडली, "ही झळाळी खाऱ्या वाऱ्याची, साहेब." दाराशी उभ्या असलेल्या मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही विद्वानांना काही म्हणता काही कळलं नाही.

शेरा उत्तम मिळाला. शाळा सुटल्यावर मी आणि मामा मागे गेलो, तर हेडमास्तर चपला काढून लिंबाखाली उभे! इन्स्पेक्शन पार पडू दे म्हणून ते शेंदराच्या दगडाला नवस बोलले होते. कुठला देव, कधी आला, याची चौकशी नाही. त्यांनी नारळ फोडला आणि आम्हाला खोबरं दिलं.

मला हसू आवरेना. मामांनी मात्र मनापासून हात जोडले होते. "नोकरी राखली त्यानं," ते पुटपुटले.

नोकरी बायकोच्या हातोड्याने राखली होती. ती तेव्हा डोंगराखाली खडी फोडत होती. तिच्यासाठी खोबऱ्याचा एक तुकडा बाजूला काढावा, हे आम्हा दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही.