यादी न घेणारा स्विच

दवाखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत मी झाडलोट अन् चहा बघते. कपबशा विसळायला बसलं की तितलं एकामागं एक आठवत जातंय. मी सांगते, नात सारिका लिहून घेती.

* * *

सारिका तितंच इंजिनियर म्हणून लागली, सहा महिने बघून कायम करायचं ह्या बोलीवर. मी विचारलं, भिंतीवरच्या ह्या पेट्या करतात काय? ती म्हणाली, हे स्विच, दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर जोडणारे. एकाच जाळ्यात ओपीडी, लॅब, बिलिंग असे वेगळे कप्पे असतात. त्यांची यादी मोठ्या स्विचवर लिहायची, बाकीचे आपोआप उतरवून घेतात. फकस्त आयसीयूचा स्विच यादी पुढं धाडतो, स्वतः घेत न्हाय. त्याच्यात हातानं भरावी लागती.

"म्हंजे आमची धाकटी जाऊ," मी म्हणाले. "सासूबाईंचा निरोप घरभर द्यायची, स्वतः मात्र जागची हलायची न्हाय!"

* * *

नव्या इमारतीतला स्विच यादी घेईना. पासवर्ड जुळल्याबिगर घेत न्हाय म्हणं. पासवर्ड सारिकाचे वरचे साहेब, आमचे मल्लिनाथसाहेब, ह्यांनी ठेवलेला, स्वतःच्या लग्नाची तारीख. चार वेळा टाकली, चारी वेळा चुकली. शेवटी त्यांच्या बाईसाहेबांना फोन लावला.

तारीख मिळाली. संध्याकाळी साहेब घरी जायला काही उठेनात!

* * *

साहेबांना सगळं सारखं लागायचं. आयसीयूचा स्विचबी बाकीच्यांसारखा कर, असं सारिकाला तीनदा सांगितलं. ती "करते सर" म्हणायची अन् करायची न्हाय. मला लई धाकधूक, पोरीची नोकरी जाती की काय.

मग एका सोमवारी लॅबचा स्विच बिघडला. साहेबांनी कपाटातला जुना काढला, शिकायला वापरलेला, पासवर्डबी तोच. स्विचांची रीत अशी, की ज्याच्या यादीत जास्त वेळा बदल झाले, त्याचीच यादी ताजी धरायची. जुन्याच्या यादीत कप्पा एकबी न्हवता, पण बदल सगळ्यांत जास्त.

सारिका म्हणाली, आधी त्याच्यातलं जुनं सगळं पुसून घेऊ. साहेब म्हणाले, लॅब थांबलीय, लाव. तिनं लावला. सगळ्या स्विचांनी रिकामी यादी उतरवून घेतली. ओपीडी बंद, बिलिंग बंद, फोन बंद.

"आजी, आयसीयूतले स्क्रीन चालू हायत का बघ," सारिका म्हणाली. मी किटली घेऊनच पळाले. नर्सबाईंनी विचारलं, काय झालं मावशी? स्क्रीनवर हिरव्या रेघा चालताना बघितल्या अन् म्हणाले, "काय न्हाय. चहा घेता का?"

आयसीयूच्या स्विचमधली यादी बघून सारिकानं सगळे कप्पे परत भरले. अर्ध्या तासात दवाखाना चालू. माझा जीव भांड्यात पडला.

* * *

दुपारी मॅनेजर आले. कुणामुळं बंद पडलं, म्हणाले. साहेबांनी सांगितलं, माझ्यामुळं.

"अन् आयसीयू कसं चालू राहिलं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मी सांगितलेलं हिनं तीनदा ऐकलं नाही. हिला कायम करा."