चार सायकली, चार स्वार: गंगापूर रोडपासून कळवणच्या पाड्यापर्यंत

सायकलींवरून पाड्यावर जायची कल्पना माझ्या अकरा वर्षांच्या मुलाची, सोहमची. दिवाळीत प्रसादचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, कॉलेजातले मित्र गावित सर घरी आले होते. ते कळवण तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षक आहेत. पाड्यावरची शाळा सातवीपर्यंत, आठवीची सहा किलोमीटरवर. चार मुली रोज चालत जातात. "दोघींच्या घरचे आता नको म्हणायला लागलेत. संध्याकाळी यायला अंधार होतो," सर म्हणाले.

सर गेल्यावर सोहम म्हणाला, "सायकली घेऊ ना आपण. आणि त्याच चालवत नेऊ. आपणही चारच आहोत."

मग बेत ठरला. आधी आम्ही पदरचे पैसे घालून सायकली घ्यायच्या, आणि ओळखीच्यांनी आम्ही कापलेल्या दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम द्यायची. तेरा वर्षांच्या इराने त्यात 'फर्माईश' घातली: पन्नास रुपये द्या, वाटेत आमच्यापैकी कुणालाही काहीही करायला सांगा, आम्ही व्हिडिओ पाठवू. मुलं आठवडाभर सोसायटीत दारोदार फिरली. देवळाली कॅम्पातल्या आत्यांनी, म्हणजे प्रसादच्या बहिणीने, शेजारपाजारच्या वीस घरांतून नावं गोळा केली.

सायकलवाल्याचा सल्ला तुम्हीही लक्षात ठेवा. मी गिअरची सायकल बघत होते तर तो म्हणाला, "गिअर नको ताई. तिकडं बिघडली तर करणार कोण?" म्हणून चारही साध्या, पुढे टोपली असलेल्या लेडीज सायकली घेतल्या. एकीला साडेपाच हजार पडले. सोबत हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान.

शनिवार: नाशिक ते वणी

फेब्रुवारीतली सकाळ, बोटं गारठवणारी. सहाला निघालो. सहा फूट उंच प्रसाद गुलाबी सायकलवर गुडघे फाकवून बसला होता. वॉचमनने त्याला सलाम ठोकला आणि तोंड फिरवून हसला. दिंडोरी रोडला शहर मागे पडेपर्यंत ट्रकांचा त्रास होतो, तेवढा पट्टा उजाडताच पार करा. मग डाव्या हाताला रामशेजचा किल्ला दिसतो आणि द्राक्षबागा सुरू होतात.

दिंडोरीच्या स्टँडवर प्रसादची फर्माईश होती. त्याच्या शाळेतल्या मित्राने पाचशे रुपये देऊन लिहिलं होतं, 'एकोणतीसचा पाढा. मोठ्याने.' लहानपणी ह्याच पाढ्याला त्याने छड्या खाल्ल्या होत्या. तो बाकावर चढला. एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत गाडी नीट आली आणि अडली.

"दोनशे तीन!" बसची वाट बघणारे एक टोपीवाले आजोबा ओरडले. "पुढं म्हण, दोनशे बत्तीस!"

दोघांनी मिळून पाढा संपवला. हे कशासाठी चाललंय ते इराने सांगितलं, तेव्हा आजोबांनी कोपरीच्या खिशातून वीसची नोट काढली. "माझी काय फर्माईश नाय. पोरींना म्हणावं, पाढे पाठ करा."

मिसळ खाऊन पुढे निघालो. वलखेडच्या अलीकडे एका बागायतदाराने आम्हाला हाक मारून थांबवलं, घड आणून दिले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. आम्ही पोटभर खाल्ले. सोहमने त्याहूनही जास्त. दुपारी तीनला वणी. लॉजच्या दोन खोल्या सोळाशे रुपयांत मिळाल्या, गरम पाण्यासकट.

रविवार: वणी ते पाडा

सकाळपासून सोहमचं पोट बिघडलं. नांदुरीच्या आधीच्या चढावर तो दोनदा उतरला, तिसऱ्यांदा रस्त्याच्या कडेला ओकला. टोमॅटोच्या क्रेट घेऊन चाललेला एक पिकअप थांबला.

"ताई, पोरगं पांढरंफटक पडलंय. बसवा पुढं. सायकल टाकू मागं."

मी त्याच्याबरोबर बसले. माझीही सायकल मागे चढली. नांदुरीला पोचल्यावर मी पैसे पुढे केले तर ड्रायव्हर म्हणाला, "चार किलोमीटरच तर आणलं," आणि पाण्याची बाटलीसुद्धा देऊन गेला. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पिऊन तासाभराने सोहमला हुशारी आली. तोवर इरा आणि प्रसाद घामाघूम होऊन पोचले होते.

"चार किलोमीटर वजा करायचे तुझे," इरा पहिलं वाक्य हे बोलली. "आईचेही."

"कुणाला कळणारे?" सोहम म्हणाला.

"मला कळलंय ना."

सोहम एकदम रडायला लागला. "माझीच आयडिया होती आणि मीच गाडीत बसलो."

मी प्रसादकडे पाहिलं. तो त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. "आजारी पडणं ही लबाडी नाही. पण लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. आम्ही मध्ये पडणार नाही."

नांदुरीपासून अभोण्यापर्यंत उतार बराच आहे. सह्याद्रीची रांग बाजूला ठेवून रस्ता खाली धावतो आणि पायडल मारावंच लागत नाही. सोहम मात्र सगळ्यांत मागे.

चार वाजता पाड्यावर पोचलो. भाषण नाही, हार नाही. गावित सरांनी नारळ फोडला आणि चौघी मुलींनी थेट ब्रेक दाबून बघितले. यशोदा त्यांच्यातली धीट. "मामाच्या सायकलीवर शिकले मी, नळीखालून पाय घालून," ती म्हणाली आणि प्रसादची गुलाबी सायकल घेऊन शाळेला फेरी मारून आली. लताला मात्र चालवता येत नव्हती. इरा कॅरिअर धरून तिच्यामागे पळत राहिली. पाचव्या खेपेला तिने हात सोडला ते लताला कळलंच नाही.

सरांकडे नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा. सोहमला नुसता मऊ भात. भाकरीकडे तो फार दुःखाने बघत होता.

सोमवार

सकाळी चौघी दप्तरं टोपलीत टाकून निघाल्या, तर सोहम त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मी येऊ तुमच्याबरोबर? माझे चार किलोमीटर राहिलेत."

यशोदाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आम्ही तर आता सायकलीवर. तू काय मागं पळशील का?"

"पळेन."

मीही निघाले, माझेही चार होतेच. मुली हळू चालवत होत्या, लता तर फारच हळू. रस्ता आधी ओढ्यात उतरतो, मग खडीवरून चढतो. पहिल्या किलोमीटरला सोहम पळाला, दुसऱ्याला भराभर चालला, तिसऱ्याला त्याने बूट काढून खडे झटकले.

"रोज येता-जाता दोन्ही वेळा चालायचात?"

"मग काय, उडत येणार?" यशोदा म्हणाली.

एका मोरीपाशी ती थांबली. "इथं चार होतात, सर सांगतात. झालं तुझं. बस आता कॅरिअरवर."

तो बसला. उरलेले दोन किलोमीटर ती त्याला ओढत घेऊन गेली. मला कुणी कॅरिअर दिलं नाही. मी सहाही चालले.

घरी

परतीला अभोण्याहून कळवण आणि कळवणहून नाशिक, एसटीने. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे इराने वडिलांना वाटभर चिडवलं.

घरी आल्यावर सोहमने सगळ्यांना स्वतः मेसेज लिहिला: 'मी आणि आई चार किलोमीटर गाडीतून गेलो. ते नंतर पायी केले. पायीचे पैसे नाही दिले तरी चालतील.' बहुतेकांनी सगळे दिले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र बरोब्बर तेवढे कापून घेतले. सोहमला तेच सगळ्यांत आवडले. "त्यांनी नीट वाचलं," तो म्हणाला. सायकलींचा खर्च निघाला आणि वर कुलपं घेण्यापुरतं उरलं.

तुम्ही असं काही करणार असाल तर मुलांना नुसतं बरोबर नेऊ नका, अडचणीचे निर्णयही त्यांच्यावर सोपवा. मला स्वतःला हे नांदुरीच्या त्या चढापर्यंत कळलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी गावित सरांचा फोन आला. मला वाटलं, पंक्चर झालं असेल.

"एक तक्रार आहे वहिनी," ते म्हणाले. "आठवीच्या शाळेतला शिपाई माझ्यावर चिडलाय. सवयीने पोरी जुन्याच वेळेला घरून निघतात आणि गेट उघडायच्या तासभर आधी पोचतात. मग बाहेर कबड्डी खेळतात. म्हणतो, माझी झोपमोड होते."