करप्यावर काय मारू?

हळदीच्या पोत्यांचा वास आला की मला सांगलीतलं माझं पहिलं ऑफिस आठवतं. खाली हळदीची वखार होती आणि आमच्या की-बोर्डवरही पिवळी धूळ बसायची. शेतीसल्ल्याच्या वेबसाइटसाठी सर्च इंजिन निवडायचं होतं. साहेबांना डेटाबेसमधलंच तयार सर्च पुरेसं वाटत होतं. मराठी शब्दरूपांचे नियम शिकवता येतील असं वेगळं इंजिन मला हवं होतं, कारण एकदा कोरं पान दिसलं की शेतकरी परत फिरकणार नाही, ही भीती होती. "एवढा खटाटोप कशाला?" साहेब म्हणाले, पण दोन्ही तपासून बघायला तयार झाले. चाचणीला आलेल्या एका शेतकरी काकूंनी टाइप केलं, 'हळदीच्या करप्यावर काय मारू?' लेखात त्या रोगाचं नाव मूळ रूपात, 'करपा' असं होतं, म्हणून तयार सर्चला काहीच सापडलं नाही. माझ्या इंजिननं तो लेख लगेच पुढे आणला. "आवं साहेब, ह्येला आमचं बोलणं कळतंय की! कुणी शिकवलं?" काकूंनी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हेच घेऊ." आज पुण्यात माझी स्वतःची टीम आहे, नवीन कुणी आलं की मी आधी ती वेबसाइट उघडून दाखवते आणि सांगते, "हे मी निवडलं."