टाकीचा गृहप्रवेश

माझ्या मेव्हण्याला कुठलीही गोष्ट साधी ठेवता येत नाही. तो महापेला एका कंपनीत कसलासा लीड आहे, आणि हाताखाली माणसं नसतील तेव्हा वस्तूंचं नेतृत्व करतो. गेल्या वर्षी त्याची नजर आमच्या कोपरखैरण्याच्या घरातल्या माशाच्या टाकीवर पडली.

टाकी लहानशी. दोन बादल्या पाणी मावेल एवढी, काचेच्या कोपऱ्याला चरा, तळाशी शेवाळ धरलेली तपकिरी खडी. तिच्यात एकच गोल्डफिश, मुलीने कॉलेजात असताना आणलेला. मुलगी आता कॅनडात असते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला की तिचं पहिलं वाक्य, "आई, मासा दाखव." आमची चौकशी त्यानंतर. माशाला काही झालं तर पोरीला कसं सांगायचं, याची तालीम बायको कित्येक दिवस मनात करते आहे. ती अजून जमलेली नाही.

"दाजी, हे काय डबकं ठेवलंय घरात!" मेव्हणा म्हणाला. "ताईच्या वाढदिवसाला फुल सेटअप देतो."

सेटअप आला. टीव्हीएवढी टाकी, निळा दिवा, नवा फिल्टर आणि परदेशी पांढरी वाळू. वाळूच्या पिशवीवर बर्फाच्छादित डोंगराचं चित्र होतं. डोंगराचा माशाशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. उत्तर मिळण्याचा धोका होता. टाकी ईशान्येलाच हवी, असंही ठरलं. आमच्या ईशान्येला फ्रिज होता. तो चपलांच्या कपाटाच्या जागी गेला, कपाट दारात आलं, आणि आम्ही आपल्याच घरात तिरके होऊन शिरू लागलो.

मुहूर्त रविवारी दुपारचा. मी म्हटलं, थोडी जुनी खडी तरी खाली राहू दे, त्याला ओळखीची आहे. मेव्हण्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

"नव्या घरात कुणी जुनी केरसुणी नेतं का, दाजी? सगळं फ्रेश पाहिजे."

म्हणजे हा गृहप्रवेश होता. मग नारळ आलाच, आणि नारळामागून सोसायटीचे चेअरमन आले. त्यांनी निसर्गाशी असलेल्या माणसाच्या नात्यावर चार शब्द सांगितले. हेच गृहस्थ पार्किंगसाठी आवारातलं बदामाचं झाड पाडून मोकळे झाले होते. मासा तोवर स्टीलच्या पातेल्यात भाषण ऐकत होता. जागेवरून न हलता ऐकणारा श्रोता तो एकटाच. त्याला हलायला जागा नव्हती.

टाळ्यांच्या गजरात मासा नव्या घरात पडला. पांढऱ्या वाळूवर, निळ्या उजेडात तो लग्नाच्या हॉलमध्ये एकटा आलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता. जुनी खडी फेकायला निघालेल्या मेव्हण्याच्या हातून बायकोने बादली घेतली. "राहू दे रे. ते पाणी कढीपत्त्याला घालते मी." खडी, जुना स्पंज आणि वर चार बोटं मळकं पाणी, असं सगळं बाल्कनीत गेलं.

बुधवारी टाकीतलं पाणी ताकासारखं झालं. मासा वरच्या बाजूला तोंड काढून धापा टाकत होता, पंख अंगाला चिकटलेले. बायकोने भावाला फोन लावला.

"ॲडजस्ट होतोय गं ताई. नव्या घरात आपल्याला तरी पहिले दोन दिवस झोप लागते का?"

"अरे, त्याला श्वास घेता येईना!"

"लाइट जरा डिम कर."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रविवार चार दिवसांवर होता. मी नेटवर शोधत बसलो. कारण पहिल्याच पानावर सापडलं. जुन्या खडीला आणि स्पंजला जो बुळबुळीत थर असतो, त्यातले जीवाणूच माशाची घाण पचवतात. ते नसले की मासा आपल्याच मुतात गुदमरतो. आम्ही त्याची केरसुणी नव्हती टाकली. सगळा सफाई विभागच बरखास्त केला होता.

"कढीपत्त्याला घातलंस का ते?" मी विचारलं.

"नुसतं पाणी, तेही थोडंच. खडी ओली आहे अजून."

खडी टाकीत ओतली तर वाळूचा चिखल होणार. बायकोने माळ्यावरून एपीएमसीतून आणलेल्या कांद्याची लाल जाळीची पिशवी काढली, खळखळून धुतली, तिच्यात खडी आणि स्पंज भरला, वर गाठ मारली आणि ते बोचकं फिल्टरच्या धारेखाली सोडलं. रोज थोडं पाणी उपसायचं, क्लोरीन उडावा म्हणून रात्रभर बादलीत ठेवलेलं नळाचं घालायचं. शुक्रवारी माशाने पंख उघडले. शनिवारी तो पिशवीला खेटून खडी चोखत होता.

शनिवारीच मेव्हणा आला आणि दारातच थांबला.

"ताई! कांद्याची पिशवी? सगळा लूक घालवलास!"

"मासा जिवंत आहे," ती म्हणाली.

"सेटअपच तसा आहे ना," तो म्हणाला, आणि पिशवी दिसणार नाही अशा बाजूने त्याने फोटो काढले. संध्याकाळी चेअरमनसाहेबांचा सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा निरोप आला. अभिनंदन मेव्हण्याचं होतं.

रविवारी फोन वाजला.

"आई, मासा दाखव. अगं, ते लाल काय आहे?"

"कांद्याची पिशवी."

"मामाने दिली?"

"नाही. मामाने बाकीचं सगळं दिलं."

मासा पिशवीमागून सावकाश बाहेर आला, काचेपाशी थांबला, वळला. मुलगी तिकडे हसली.

"बरं," ती म्हणाली, "तुम्ही दोघं कसे आहात?"